खिडकी असलेल्या खोल्या

आरोंद्याहून परतून आता बरेच दिवस झाले, तरी मी अधूनमधून हातात घास धरून तसाच बसतो आणि ‘अरे बापरे’ म्हणतो. सुलभा, म्हणजे माझी बायको, आता त्याकडे उचकीसारखं बघते. पाण्याचा पेला पुढे सरकवते आणि आपल्या कामाला लागते. पण ज्यांनी आरोंदा पाहिलेलं नाही आणि आमचे व्याहीही पाहिलेले नाहीत, त्यांना सगळं सांगून टाकल्याशिवाय ही उचकी थांबेल असं मला वाटत नाही. म्हणून हा लिहिण्याचा उद्योग.

आम्ही कोल्हापूरचे. सुलभाचं माहेर आरोंदा. सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं खाडीकाठचं गाव. इतक्या वर्षांचा मी तिथला जावई, पण गावात माझी ओळख अजून ‘घाटावयलो जावय’ एवढीच. मासे खाताना मी काटे मोजतो आणि सोलकढी तिखट नाही म्हणून तक्रार करतो, हे दोन गुन्हे तिथे कोणी विसरलेलं नाही.

आमच्या अनुजाने स्कॉटलंडच्या मुलाशी लग्न केलं. त्याचे वडील इयन. मी त्यांना इयनराव म्हणतो, कारण व्याह्याला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. बायको वारलेली, नोकरीतून निवृत्त, उंच, लालसर आणि कमी बोलणारा माणूस. ‘सुनेचं आजोळ बघायचं आहे’ असं त्यांनी कळवलं. अनुजाला रजा मिळेना, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी बँकेतलं. कर्ज नाकारायला पुरतं, गप्पा मारायला नाही.

येण्याआधी त्यांनी एक फोटो पाठवला होता. दगडी, दुमजली, धुराड्यांचं प्रचंड घर आणि मागे क्षितिजापर्यंत शेत. खाली लिहिलं होतं, ‘आमची माणसं इथली.’ तो फोटो मी सुलभाच्या भावाला, बापूला, पाठवला आणि वर एक शब्द आपल्या पदरचा घातला: ‘जमीनदार.’

घाट

आंबोलीचा घाट उतरताना ज्याचं पोट बिघडायला हवं तो परदेशी पाहुणा पुढच्या सीटवर बसून दऱ्या बघत होता, आणि ज्याने हा घाट शंभरदा उतरलेला तो मी मागे प्लॅस्टिकची पिशवी धरून बसलो होतो. इयनरावांनी खिशातून एक पेपरमिंटची गोळी काढून दिली. आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी झाली.

आरोंदा

बापू रस्त्यापर्यंत सामोरा आला होता. “येवा भावोजी, येवा! घाट तुमी उतारलात, की घाटान तुमका उतारल्यान?” माझा चेहरा पाहून त्याला उत्तर मिळालं. मग त्याने इयनरावांच्या गळ्यात अबोलीचा हार घातला. पडवीत शेजारच्यांकडून मागून आणलेली एक कोरीव खुर्ची मांडली होती.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“पावणे जमीनदार मा? खुर्ची पण तशीच होयी,” बापू म्हणाला.

जेवायला सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सुकं, तळलेले बांगडे, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. इयनराव हाताने जेवले, आणि माझ्यापेक्षा बरे जेवले. बांगडा त्यांनी असा सोलला की नुसता काटा ताटाच्या कडेला उरला. बापू खूश. “भावोजी, इचारा त्येंका. जमीन किती?”

मी विचारलं. इयनराव हसले. “खिडकीत एक कुंडी आहे.”

“तुमची नाही, पूर्वजांची. ते फोटोतलं घर.”

“ते शेतमालकाचं. आमची माणसं त्या घराच्या मागे, घोड्यांच्या पागेच्या पलीकडे राहायची. आम्ही शेतमजूर.”

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मला आधी वाटलं, माझंच इंग्रजी कमी पडतंय. मग अर्थ लागला आणि बांगड्याचा काटा माझ्या घशात अडकला. मी कोरडा भात गिळतोय, पाठीवर थापा पडताहेत, आणि त्या गडबडीत बापू भाषांतर मागतोय. शेवटी सुलभानेच सांगितलं.

बापूचा हात ताटात थांबला. “म्हणजे हे... राखण्यांतले?”

राखणो म्हणजे आंब्याच्या बागेत राहून राखण करणारा माणूस. पाणी, साफसफाई, माकडांना हाकलणं, सगळं त्याच्याकडे.

“बापू, पावण्यांका भात वाढ,” सुलभा म्हणाली.

दुपारी पडवीत इयनरावांनी फोन काढून राणीच्या काळातल्या जनगणनेचं एक पान दाखवलं. वळणदार अक्षर, शाई थोडी फुटलेली. एक घर. वर बाप, पुढे ‘शेतमजूर’. मग आई, मग मुलं, मुलं, मुलं, मग आईची आई, आणि सगळ्यांत खाली एक भाडेकरू! मी बोट ठेवत मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. प्रत्येक मुलासमोर जन्मगाव लिहिलेलं, आणि प्रत्येकाचं वेगळं.

“एवढी गावं कशी?” मी विचारलं.

“सहा महिन्यांच्या बोलीवर काम. बाजारात मजूर उभे राहायचे. मालक बघायचा, दंड दाबायचा. पसंत पडला तर तळहातावर एक नाणं ठेवायचा. ते एकदा घेतलं की बोली पक्की, कोणालाच मागे फिरता यायचं नाही. मुदत संपली की गाडीवर पलंग, कोंबड्या, म्हातारी घालायची आणि पुढच्या शेतावर. बायकामुलं असतील तर वर्षाने, पण जायचंच.”

आपल्याकडच्या विसारासारखंच, मी मनात म्हटलं. “आणि ही शेवटची चौकट?”

“खिडकी असलेल्या खोल्या किती, ते. आमच्याकडे जनगणनेत विचारायचे.”

चौकटीत ‘एक’ होतं. एवढी सगळी माणसं आणि एक! आमच्या कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं, आणि बाथरूमलाही खिडकी आहे. तरी मी कोंडल्यासारखं होतं म्हणून कुरकुरतो.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पुढे कामाच्या रकान्यात नीट ‘विद्यार्थी’ लिहिलं होतं. मजुराच्या मुलाला असं लिहिलेलं पाहून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही. इयनरावांनी दुसरं पान काढलं, दहा वर्षांनंतरचं. पहिल्या पानावर जी सगळ्यांत धाकटी, दोन वर्षांची होती, ती इथे एका परक्या शेतावर एकटीच. पुढे लिहिलेलं: ‘नोकर.’

“बारा वर्षांची?” मी किंचाळलोच.

“माझ्या आजीची आई. वाचता यायचं तिला. पण एका शाळेत दोन हिवाळे कधी काढले नाहीत म्हणायची. अक्षरं शिकली एकीकडे, बेरजा दुसरीकडे. मग शाळाच राहिली.”

मी बापूला सगळं सांगितलं. तो गंभीरपणे ऐकत होता. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. तो म्हणाला, “शाणे लोक. आमची रीत तीच. बाबा सांगायचे, राखणो दोन हंगाम ठेवलो की तो कलमांका आपली म्हणूक लागता. म्हणान दर हंगामाक नवो.”

अरे बापरे, मी म्हटलं. ही पहिली उचकी.

बाग

बापूची बाग गावाबाहेर टेकाडावर आहे. हापूसची जुनी कलमं, खाली काजू, आणि एका कोपऱ्यात मांगर, म्हणजे बागेतली अवजारं ठेवायची खोपी. मी त्या बागेत वर्षानुवर्षं आंबे खाल्ले आहेत. मांगरात कधी डोकावलो नव्हतो. डोकावण्यासारखं काय असणार, फावडी?

मांगरात पाच माणसं राहत होती.

दिलबहादूर, त्याची बायको माया आणि तीन मुलं. मूळचे नेपाळचे. सिंधुदुर्गातल्या आंब्याच्या बागा आता बऱ्याचशा नेपाळची माणसं राखतात, हे मला ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं किती सोयीचं असतं, ते त्या दाराशी उभा राहिल्यावर कळलं. चिऱ्याच्या चार भिंती, वर पत्रे. आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचून केलेली आडभिंत. अलीकडे चूल, पलीकडे अंथरुणं. मे महिन्यात पत्र्याखाली मी क्षणभर उभा राहिलो आणि घामाने भिजलो.

मायाने वाकून नमस्कार केला. “येवा बाय, बसा. चाय ठेवतंय.”

मी थक्क. मी इतक्या वर्षांत ‘माका नको’ एवढंच शिकलो, आणि ही बाई सुलभाच्या आईसारखी बोलत होती.

“किती वर्षं झाली इकडे?” मी विचारलं.

“ता मोजूक नाय. ह्यां थोरला चेडू देवगडात झाला, मधलो वेंगुर्ल्याक, आणि ह्यो धाकटो शिरोड्याक. खंयच्या बागेत इचाराल, तर ता पण सांगतंय.”

मी हे भाषांतर करून सांगितलं तसे इयनराव हळूच मांगरात शिरले. मान वाकवून त्यांनी चारी भिंती पाहिल्या. परत एकदा पाहिल्या. बाहेर येऊन मला म्हणाले, “यांना शून्य लिहावं लागलं असतं.”

मला लगेच कळलं नाही. मग मीही आत पाहिलं. मांगराला खिडकी नव्हती.

थोरली मुलगी सुनीता दारातल्या उजेडात बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. सुलभाने विचारलं, “काय गो, कितवीत?”

“धावीत जातलंय.” आणि तिने आईकडे पाहिलं.

मायाने चहाची भांडी खाली ठेवली. “बाय, तुमी मालकांचे भैण. एक वर्स. फकस्त एक वर्स रवूक दी म्हणा. आतापरत दर यत्तेक ह्या चेडवाची शाळा बदालली. हय नववीत पयला नंबर इला. आता देवगडाक वळखीच्या बागेत जागा आसा, पण थयसून शाळा लांब. धावी मदीच मोडली तर परत जोडूची नाय. माका ठावक आसा. माझी तशीच मोडली.”

दिलबहादूरने मान फिरवली. तो कलमाच्या बुंध्याकडे बघत होता.

परत येताना इयनरावांनी विचारलं, “ती काय मागत होती?” मी सांगितलं. गाडीत बापूने दिलेला बरका फणस मांडीवर वास मारत होता. रात्री तो फोडताना पाहुण्यांच्या हातांना असा चीक लागला की दहा बोटांची दोन झाली. खोबरेल तेल चोळून मी एकेक बोट सोडवलं. आमच्या अनुजाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली; व्याह्याचा हात मी खरा तेव्हा हातात घेतला.

वालावल

दुसऱ्या दिवशी बापू आम्हाला वालावलला घेऊन गेला. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तळं, आणि माडांच्या सावलीत इतकं शांत की माझ्यासारखा माणूसही थोडा वेळ गप्प बसला. पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ होते. कोकणात ओळख व्हायला एकच प्रश्न पुरतो, तो त्यांनी विचारला.

“पावण्यांचो गाव खंयचो?”

मी भाषांतर केलं. इयनराव विचारात पडले. “कुठलं सांगू? आमच्या घरातली दोन माणसं एका गावची नाहीत.”

म्हातारे कळवळले. “अरे रे! मगे गाऱ्हाणा घालूचा तर खंयच्या नावान?”

इयनरावांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगताना माझी दमछाक झाली. इथे कोणतंही काम देवाला सांगून करतात. एकजण उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकदा सगळ्यांच्या तोंडून ते निघालं, की देव आणि माणसं दोघेही बांधले गेले. कोल्हापुरात आम्ही देवाकडे मनातल्या मनात मागतो, म्हणजे मग नाकबूल करता येतं.

परतीच्या वाटेवर सुलभाने विषय काढला. “बापू, मायाची माणसां ऱ्हावदेत मरे वर्सभर.”

“नाय.”

“चेडवाची धावी आसा.”

“सुले, नाय म्हणजे नाय. बाबांची रीत मी मोडूचंय नाय. परवा हंगाम सरता. त्येंका नारळ, लुगडा, सगळा बरा करून धाडतलंय.”

सुलभा खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं असं गप्प होणं मी ओळखतो. त्यानंतर आमच्या घरात सोफ्याची जागा बदललेली असते.

पुन्हा बाग

बापूच्या घरची रीत अशी. शेवटचा आंबा उतरला की सगळ्यांत जुन्या कलमाखाली जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं, आणि जाणाऱ्या राखण्याच्या हातात नारळ आणि लुगडं ठेवून त्याची पाठवणी करायची. शेजारच्या बागांतले लोक जमतात. शेवटच्या आंब्यांचा रस आणि घावणे असतात. एरवी मोठा गोड दिवस.

मायाचं सामान दाराबाहेर बांधून ठेवलं होतं. सुनीताचं दप्तर सगळ्यांत वर.

बापूने नारळ फोडला, हात जोडले आणि आवाज लावला. “बा जागेवाल्या म्हाराजा! आज ह्यो हंगाम तुझ्या किरपेन सरलो रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे.

“काय चुकला माकला आसात ता पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नेमक्या त्या वेळी माझ्या विजारीत हुमले शिरले. हुमले म्हणजे कलमावरचे लाल मुंगळे. चावतात, आणि चावून सोडत नाहीत. देवापुढे विजार झटकायची कशी? मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. लोकांना वाटलं, घाटावरच्या जावयाच्या अंगात आलं.

बापूने नारळ आणि लुगडं मायाच्या हातात ठेवलं. इयनराव माझ्या कानाशी वाकले. “हे काय? बोली पक्की करतात ती खूण का?”

मी म्हणालो, “येस, येस.” त्या वेळी मला कोणी माझं घर विकतोस का विचारलं असतं, तरी मी येसच म्हणालो असतो.

इयनरावांचा चेहरा उजळला. ते सरळ पुढे गेले. खिशातून त्यांच्या देशाचं एक नाणं काढून त्यांनी मायाच्या तळहातावर ठेवलं, तिची बोटं मिटवली आणि ती मूठ दोन्ही हातांनी हलवली. मग वळून मोठ्याने काहीतरी म्हणाले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. दुभाष्या!

मुंगळ्यांच्या वेदनेत मी बँकेतल्या खणखणीत आवाजात शब्दाला शब्द ठेवून दिला: “ते म्हणतात, बोली पक्की झाली! पुढच्या हंगामापर्यंत ही मंडळी इथेच!”

मी काय बोललो ते मला तेव्हा ऐकू आलं. मायाने श्वास आत घेतला तो सोडलाच नाही. नारळ देताना पुढे झालेले बापूचे हात अजून तसेच होते.

आणि माझ्या मागून सुलभाचा आवाज आला, चढा, देवळातला:

“व्हय म्हाराजा!”

सवय वाईट असते. तिच्यामागोमाग सगळी बाग म्हणाली, “व्हय म्हाराजा!” शेजारी म्हणाले, आंबे उतरवणारे गडी म्हणाले, सुनीता तर दोनदा म्हणाली. आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं: बापूचेही ओठ हलले.

मांगराच्या मागे जाऊन विजार झटकता झटकता मी इयनरावांना खरा प्रकार सांगितला. एवढा मोठा माणूस आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “म्हणजे तो त्यांना निरोप देत होता? आणि मी... मी त्याला सांगून येतो. आत्ताच. दुसऱ्याच्या शेतावर आपण बोली करायची नसते.”

ते निघाले तर वाटेत सुलभा उभी होती, हातात रसाची वाटी. माझ्या बायकोने आयुष्यात पहिल्यांदा व्याह्यांशी थेट इंग्रजीत बोलणं केलं.

“नो,” ती म्हणाली. “सिट.”

ते बसले.

रात्री बापूने ताट संपवलं, हात धुतला आणि तो पडवीत आला. कोरीव खुर्ची अजून तिथेच होती. तो खाली जमिनीवर बसला.

“भावोजी, तुमच्या व्याह्यांका सांगा. आमच्याकडे नारळान विसार देत नाय.”

मी सांगितलं. इयनराव उठून उभे राहिले. त्यांनी माफी मागितली. आपली चूक झाली, आपला शब्द आपण मागे घेतो, म्हणाले. मी हे भाषांतर करायला तोंड उघडलं आणि सुलभाने माझ्याकडे असं पाहिलं की मला एक शब्दही आठवेना. पण बापूला न सांगताच समजलं असावं.

“माघारी?” तो म्हणाला. “जागेवाल्याच्या म्होरचा माघारी घेवक मी कोण? आणि तो तरी कोण?” मग बराच वेळ तो सुपारी कातरत राहिला. “ती बारा वर्साची चेडू... त्येंच्या आजयेची आवस. तिका परत शाळेत घातल्यानी काय नाय?”

मी विचारलं. इयनरावांनी मान हलवली. नाही.

बापू सुपारी न खाताच आत गेला.

आम्ही कोल्हापूरला परतलो. घाट चढताना मला काही झालं नाही, हेही नोंदवून ठेवतो. इयनराव त्यांच्या देशी गेले. माझ्या उचक्या सुरू राहिल्या. कधी मला ते पान आठवायचं, कधी मांगराच्या चार भिंती, आणि सगळ्यांत जास्त हे, की त्या भिंती मी आंबे चोखत बाहेरून पाहिल्या होत्या.

काल बापूचा फोन आला.

“भावोजी, गवंडी बोलावन मांगराक खिडकी काडलंय. चिरो कापूक दोन दिस लागले. तुमच्या व्याह्यांका कळवा, नायतर म्हणतले, आरोंद्याचो मालक शून्य.”

“कळवतो,” मी म्हणालो. शून्याची गोष्ट सुलभाने त्याच्यापर्यंत पोचवलेली दिसत होती.

“नीट लिवा. खिडकीवाली खोली, एक. माणसां, पाच.” मग तो थांबला. मागे कोणीतरी मोठ्याने कविता पाठ करत होतं. “आणि थोरल्या चेडवाच्या म्होरं ‘विद्यार्थी’ लिवा. त्येंच्या त्या कागदावर लिवतत, तसा. बऱ्या अक्षरात.”